शर्यतीच्या गाडीसाठी रेडिओ आणि इंटरकॉम निवडताना या चुका टाळा

इंदूरजवळ पिथमपूर येथील नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची बाजा एसएईइंडिया ही स्पर्धा त्याच आवारात होत आली आहे. त्यामुळे इंदूर-महू परिसरातील महाविद्यालयीन संघांत आणि रॅलीची आवड असलेल्या मराठी घरांत ‘कोणता वॉकी-टॉकी घ्यावा?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. माझ्या मते विचाराची सुरुवातच येथे चुकते. निवड चालकाच्या ओठांसमोरच्या माइकपासून सुरू करावी, मग हेल्मेटची वायरिंग, इंटरकॉम आणि अँटेना पाहावी, आणि वॉकी-टॉकी संचाकडे सर्वांत शेवटी वळावे.

वॅट आणि खोक्यावरची रेंज पाहून खरेदी करणे

खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या, अडथळारहित जागेचे असतात. असे संच ज्यांवर चालतात त्या व्हीएचएफ आणि यूएचएफ पट्ट्यांतील रेडिओ लहरी मुख्यतः दृष्टिरेषेत जातात, म्हणून दुप्पट वॅटचा संच घेण्यापेक्षा पिटमधील (ट्रॅकलगतच्या संघाच्या तळावरील) अँटेना काही मीटर उंच बांधल्याने बहुधा अधिक लाभ होतो. रोल केजच्या (गाडी उलटल्यास बचाव करणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याच्या) आत, पत्र्याच्या छपराखाली, लहान रबरी अँटेना लावून ठेवलेल्या पाच वॅटच्या संचाची बरीच शक्ती गाडीतच अडकते. अँटेना गाडीबाहेरच हवी. त्यातही एक बारकावा बाजाच्या संघांना विशेष लागू पडतो. पाव-तरंग अँटेनेला (लांबी तरंगाच्या चौथाई: १५० मेगाहर्ट्झला सुमारे ५० सेंटिमीटर, ४५० मेगाहर्ट्झला सुमारे १७ सेंटिमीटर) खाली धातूचा सपाट पत्रा लागतो. साध्या मोटारीचे छप्पर ते काम आपोआप करते, पण नळ्यांच्या सांगाड्यावर किंवा फायबरच्या पॅनेलवर तीच अँटेना बसवली, तर संच चांगला असूनही आवाज मधूनमधून तुटतो. अशा गाडीसाठी पत्र्याची गरज नसलेली अर्ध-तरंग अँटेना घ्यावी, किंवा अँटेनेखाली पत्र्याची चकती बसवावी.

जानापाव किंवा चोरलच्या बाजूला विंध्याच्या घाटात सराव करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, डोंगराची सोंड मध्ये आल्यावर वॅट वाढवून फारसे काही साधत नाही; निरोप पुढे पोहोचवण्यासाठी माथ्यावर एक माणूस संचासह उभा करणे हाच खरा उपाय आहे.

परवाना गृहीत धरणे

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात. इतर व्हीएचएफ-यूएचएफ वारंवारितांसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वारंवारिता वाटप पाहणाऱ्या) शाखेचा परवाना लागतो. हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना ज्याच्या नावावर असतो त्याच्यापुरताच आणि त्या छंदापुरताच असतो. तो साऱ्या संघाला लागू होत नाही. संच ऑनलाइन विकला जातो, एवढ्यावरून तो वापरणे कायदेशीर ठरत नाही.

माइक ओठांपासून दूर ठेवणे

सर्वाधिक तक्रारींचे मूळ येथे असते, आणि त्यावर खर्च जवळजवळ काहीच नाही. गोंगाट कमी करणाऱ्या माइकला पुढून आणि मागून अशी दोन्हीकडून छिद्रे असतात. इंजिनाचा गोंगाट दोन्ही बाजूंनी सारखाच पोहोचतो आणि परस्पर रद्द होतो, तर अगदी जवळून बोललेला आवाज पुढच्या बाजूने अधिक जोराने पोहोचल्यामुळे शिल्लक राहतो. माइक दोन बोटे लांब गेला, तर चालकाचा आवाजही रद्द होऊ लागतो. मग पिटमधले लोक आवाजाची पातळी वाढवतात आणि फक्त गोंगाट वाढतो. माइक ओठांना जवळजवळ टेकला पाहिजे आणि त्याची पुढची बाजू तोंडाकडेच असली पाहिजे. उलटा बसलेला माइक ही शंका सर्वांत आधी तपासून घ्यावी.

माइक किंवा वायर बसवण्यासाठी हेल्मेटला छिद्र पाडू नये. त्याने हेल्मेटची मान्यता आणि संरक्षण दोन्ही धोक्यात येते. उत्पादकाने दिलेले किटच वापरावे.

न जुळणारी जोडणी

रॅलीत चालक आणि नॅव्हिगेटर यांच्यातील इंटरकॉम रेडिओपेक्षा महत्त्वाचा असतो, कारण पेस नोट्स (पुढच्या वळणांच्या, नॅव्हिगेटर वाचून दाखवतो त्या सूचना) त्यावरूनच ऐकल्या जातात. स्टिलो आणि पेल्टर या कंपन्यांची हेल्मेट-वायरिंग योग्य अ‍ॅडॅप्टरशिवाय एकमेकांना जुळत नाही, आणि दिसायला सारख्या असलेल्या प्लगच्या आतील तारांचा क्रमही वेगळा असू शकतो. डायनॅमिक आणि इलेक्ट्रेट या दोन प्रकारच्या माइकच्या आवाजाची पातळीही भिन्न असते. एकाचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा क्षीण येत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरला दोष देण्यापूर्वी दोन्ही हेल्मेटमधील माइक एकाच प्रकारचे आहेत का, ते पाहावे.

मोटारसायकलचा ब्लूटूथ इंटरकॉम रॅलीच्या गाडीत वापरण्याचा मोहही टाळावा. वाऱ्याचा आवाज रोखण्यासाठी केलेली त्याची योजना रॅली गाडीच्या केबिनमधील गोंगाटात पुरत नाही, आणि आवाज कापला जाऊन ‘लेफ्ट थ्री’मधला (डावे वळण, तीव्रता तीन) ‘थ्री’च गळाला, तर परिणाम गंभीर होतो.

व्हॉक्स चालू ठेवणे

आवाज होताच आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी व्हॉक्स सोय गाडीत बंदच ठेवावी. इंजिनाच्या गोंगाटाने ती सतत उघडी राहते आणि सर्व संघाची वाहिनी अडवते. स्टिअरिंगवर पीटीटी (दाबून बोलण्याचे) बटण बसवावे, आणि ते दाबल्यावर क्षणभर थांबून बोलण्याची सवय लावावी. नाहीतर पहिला शब्द तुटतो. मराठी आणि हिंदी मिसळून बोलणाऱ्या इंदुरी संघांनी दिशेचे शब्द आधीच ठरवून ठेवावेत, कारण मराठी ‘डावे’ आणि हिंदी ‘दाएँ’ रेडिओवर सारखेच ऐकू येतात आणि अर्थ नेमका उलट असतो.

गुणगुण आणि शिट्टी कशी शोधावी

इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी गुणगुण बहुधा अल्टरनेटरकडून (इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राकडून) वीजपुरवठ्यातून येते, तर टकटक आवाज प्रज्वलनाकडून येतो. अनेक रॅली इंटरकॉम ९ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. गाडीचा पुरवठा तोडून तीवर चालवून पाहावे. गुणगुण गेली, तर दोष पुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये आहे, आणि तारा फ्यूजसह थेट बॅटरीपर्यंत नेणे हा उपाय ठरतो. केवळ प्रक्षेपण करतानाच शिट्टी येत असेल, तर अँटेना, तिची केबल आणि माइकच्या तारेजवळून जाणारा केबलचा मार्ग तपासावा.

ही सारी चाचणी शांत गॅरेजमध्ये करू नये. हेल्मेट घालून, पट्टे बांधून, इंजिन शर्यतीच्या फेऱ्यांवर नेऊन आणि गाडी पिटपासून ट्रॅकच्या सर्वांत दूरच्या टोकाला उभी करून ती घ्यावी, आणि रेडिओ बंद पडलाच तर चालकाने कोणत्या फेरीला आत यायचे, ते पिट-बोर्डवर (पिटमधून चालकाला दाखवायच्या फलकावर) दाखवण्याची खूण त्याच दिवशी ठरवावी.