इमिक्विमॉड लावताना लालीला घाबरू नका, पण जखमेवर लक्ष ठेवा

मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे त्वचेचा लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा एक कर्करोग), सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि मोजक्या चट्ट्यांवर डॉक्टरांनी इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम दिलंय? मग आधी त्याचं काम समजून घ्या. हे क्रीम त्वचेतल्या पहारेकरी पेशींचा टीएलआर-७ रिसेप्टर, म्हणजे विषाणूची चाहूल घेणारा त्यांचा सेन्सर, जागा करतं. त्या पेशी इंटरफेरॉन नावाची इशारा देणारी प्रथिनं सोडतात आणि शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती बिघडलेल्या टी-पेशींवर, म्हणजे कर्करोगी झालेल्या पांढऱ्या पेशींवर, तुटून पडते. त्यामुळे लाली, खाज, खपली येणारच.

इथे इंदूरला रामबागेत आमच्या ह्यांच्या कमरेवरचा चट्टा लाल झाला, तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोळलंय ते! ती गजकर्णाची ट्यूब लाव." नाही लावली. तसल्या ट्यूबांत बरेचदा क्लोबेटासॉलसारखं कडक स्टेरॉइड असतं आणि जी प्रतिक्रिया हवी असते तीच ते दाबून टाकतं. डॉक्टरांनी सांगितलं तरच लावा.

क्रीम झोपताना लावायचं. चट्टा साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा, पातळ थर दिसेनासा होईपर्यंत चोळा, हात धुवा. वरून पट्टी किंवा प्लास्टिक नको, सैल सुती बनियन पुरे. साधारण आठ तासांनी धुऊन टाका. पुडी महाग असली तरी उघडलेली उरवून ठेवू नका. आठवड्यातून किती रात्री, ते चिठ्ठीप्रमाणेच. मी कालनिर्णयवर त्या तारखांना 'इ' लिहिते. खोक्यातल्या कागदावर लिम्फोमाऐवजी गुप्तांगावरच्या चामखिळींचा उल्लेख दिसेल, तेव्हा गोंधळू नका. अमेरिकेत १९९७ मध्ये पहिली मंजुरी त्यासाठीच मिळाली होती. लिम्फोमासाठी तज्ज्ञ ते स्वतःच्या निर्णयाने देतात.

ओली जखम, पू, फोड, किंवा ताप आणि अंगदुखी झाली तर त्या रात्री लावू नका, डॉक्टरांना फोन करा. काही दिवस विश्रांती देऊन पुन्हा सुरू करता येतं. उन्हात तो भाग झाकलेला ठेवा, इंदूरच्या मे महिन्यात तर नक्कीच.

याच कुळातलं रेसिक्विमॉड जेल २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात १२ रुग्णांना दिलं होतं. काहींचे न लावलेले चट्टेही त्यात सुधारले. मला त्यातून फार धीर आला, पण ते औषध अजून संशोधनातच आहे.

फोटो काढा, ट्यूबलाइटखाली नको, दिवसा खिडकीपाशी, शेजारी मोजपट्टी ठेवून. उपचार संपल्यावर लाली ओसरू द्या. खरा चट्टा उरलाय की नाही, ते त्यानंतरच डॉक्टरांना ठरवता येतं.