लाकडी जमिनीवर वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेन: ओली कड सांभाळा

वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेन म्हणजे लाकडावर चढवायचं पाण्यातलं पारदर्शक फिनिश, म्हणजे संरक्षक थर. जमीन घासून, धूळ काढून तयार आहे असं धरतो. शेवटची धूळ साध्या ओलसर फडक्यानेच पुसा. तेलकट किंवा मेणकट फडकं फिरवलंत तर त्या जागी फिनिश धरत नाही. डबा हलवू नका, नाहीतर फेस होतो आणि त्याचे बुडबुडे जमिनीवर उतरतात. काठीने तळापासून सावकाश ढवळा.

आता खरं काम. ‘घाई करू नका, सावकाश लावा’ हा सल्ला तेलाच्या वॉर्निशला ठीक आहे, इथे तो घात करतो. इथे लावलेल्या पट्ट्याची कड काही मिनिटांतच सुकायला लागते आणि सुकत्या कडेवर नवा पट्टा चढला की दुहेरी थराची रेघ उमटते. माझ्या पहिल्या खोलीत मी मध्येच थांबून एक सुटलेला डाग परत ब्रशने भरला. रात्री दिव्याखाली सगळं छान दिसत होतं. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि खोलीभर पट्टे दिसले. तो अख्खा हात, म्हणजे फिनिशचा थर, घासून काढावा लागला.

म्हणून पंखे आणि एसी बंद, उन्हाच्या बाजूचे पडदे ओढलेले. लाकडाच्या रेषांच्या दिशेने द्रवाची बारीक धार ओता आणि रुंद पॅडने एका दमात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढा. पॅडपुढे द्रवाची लहानशी लाट सतत हवी. पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेवर थोडा चढवा आणि शेवट दाराशी करा. खोलीच्या चारही कडा आधी ब्रशने रंगवून ठेवू नका, त्या सुकतात आणि चौकट दिसते. दुसरं माणूस घ्या, त्याने कडा तुमच्या जेमतेम हातभर पुढे रंगवाव्यात. हे ओलं असताना दुधाळ दिसतं, त्यामुळे सुटलेली जागा लगेच कळते. पण ती मागे, सुकत्या भागात असेल तर अजिबात हात लावू नका. पुढच्या हातात भरून निघेल.

पहिला हात सुकला की जमीन दोन दिवसांच्या दाढीसारखी खरखरीत लागेल. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, त्यात बिघडलेलं काही नाही. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. लोखंडी काथ्या नको, त्याचे कण अडकून गंजतात.

असे एकूण तीन हात. एक दिवसाने मोजे घालून चाला. फर्निचर डब्यावर लिहिलेल्या मुदतीनंतर उचलून ठेवा, आणि गालिचा निदान दोन आठवडे गुंडाळलेलाच राहू द्या.