पहिला वळीव झाला की टॉर्च घेऊन लिंबाखाली चला

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी फोन सुरू होतात. ऊस पिवळा पडलाय, शेंड्याकडनं वाळतोय, ओढला की बेट मुळासकट हातात येतंय, खाली हुमणीच्या पांढऱ्या अळ्या, काय सोडू? आणि दरवर्षी मी उलट एकच विचारतो, जूनमध्ये भुंगेरे, म्हणजे या अळीचेच मोठे झालेले किडे, धरलेते का. मग पलीकडं शांत.

मागच्या वर्षी आमच्या शिवेला लागून एकाचं अडीच एकर 86032 या जातीच्या उसाचं खोडवं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटलेला ऊस, होतं. पट्टेच्या पट्टे बसले. दुकानदारानं तीन वेळा आळवणी, म्हणजे बुडाला औषधाचं पाणी ओतायला, लावली, दर वेळी नवीन डबा आणि सोबत ह्युमिक टॉनिकची बाटली, औषध आणि मजुरी धरून पार कंबरडं मोडलं आणि ऊस काय उठला नाही. आता गंमत बघा, त्याच्याच बांधावर चार लिंब, म्हणजे कडुलिंब, आणि दोन बाभळी आहेत, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या लिंबाची पानं कडेनं अर्धचंद्रासारखी कुरतडलेली मी जाता येता बघत होतो. त्याला बोललो पण. तो म्हणला, "लिंबाला काय होतंय, कडू असतोय."

लिंबाला काहीच होत नाही हो. होतंय ते उसाला, पण तीन महिन्यांनी.

हुमणीचं हेच आहे, नुकसान दिसतं तेव्हा तिच्यावर इलाज नसतो आणि इलाज असतो तेव्हा नुकसान दिसत नाही. म्हणून आत्ताच लिहितोय, दुपारनंतर ढग जमायला लागलेत, वळीव कधी कोसळंल सांगता येत नाही, आणि तो पडला की आपल्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यातल्या पण पहिल्या पाच-सहा रात्री खऱ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माळाच्या, हलक्या-मध्यम रानातली आपली नेहमीची हुमणी म्हणजे होलोट्रॅकिया सेराटा. वर्षाला एकच पिढी. हिवाळ्यात अळी खोल जाऊन कोष करते, त्यातनं भुंगेरा होतो आणि तो तसाच जमिनीत गप पडून राहतो, पावसाची वाट बघत. वळवाची ओल खालपर्यंत पोचली की दिवस मावळल्यावर, साधारण सात-साडेसातला, हे तांबूस-तपकिरी भुंगेरे जमिनीतनं निघून जवळच्या लिंबावर, बाभळीवर, बोरीवर जातात, तिथंच मिलन, तिथंच रात्रभर पाला खाणं, आणि पहाटे परत मातीत. मग मादी जमिनीत अंडी घालते, एकेक मादी 50-60 घालते. दहा-पंधरा दिवसांत अंड्यातनं अळी. पहिल्या अवस्थेतली अळी बारीक असते, कुजलेला पालापाचोळा आणि कोवळ्या मुळ्या खाते, तिचं काही कळत नाही. तिसऱ्या अवस्थेतली जाड, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी सारखी वाकडी अळी खरी मुळ्या तोडते, आणि ती अवस्था साडेचार-पाच महिने चालते. तुमचा ऑगस्ट-सप्टेंबरचा फोन या अळीसाठी असतो. तेव्हा ती एवढी दांडगी झालेली असते की औषध पोचलं तरी नीट मरत नाही, आणि वर ऊस डोक्याएवढा, आळवणी करायला आत शिरायचं कसं?

आता हिशोब करा. एका लिंबावर 100 भुंगेरे म्हणजे काय जास्त नाहीत, चांगल्या रात्री एका झाडाखाली अर्धी बादली पडलेली मी बघितलीय. निम्म्या माद्या धरल्या तर 50 माद्या, 50 अंड्यांच्या हिशोबानं अडीच हजार अळ्या. सगळ्या जगत नाहीत, मान्य. पण शिफारस अशी आहे की पावसाळ्यात चौरस मीटरला एक अळी सापडली तरी उपाय करा, आणि एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर. म्हणजे नुसते दोन लिंब एका एकराला भारी पडतात. आणि हे 100 भुंगेरे झाडावर असताना एका माणसाचं पंधरा मिनिटांचं काम आहे. फुकट.

झाडावर सरासरी 20 किंवा जास्त भुंगेरे दिसले की उपाय सुरू करा असं कृषी विद्यापीठ सांगतं. मी म्हणतो मोजत बसू नका, पाच दिसले तरी हलवा.

पाऊस किती पाहिजे? माझा आपला अंदाज, नुसत्या शिंतोड्यानं निघत नाहीत, चप्पल रुतंल आणि ढेकूळ हातानं फुटंल एवढी ओल झाली की दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी निघतात. आणि एक खूण, ओसरीवरच्या ट्यूबला टपटप धडकायला लागले, जेवताना ताटात एखादा पडला, की समजायचं आज रात्री लिंबाखाली गर्दी आहे. घरातल्या बायकांना ही खूण आपल्याआधी कळते, कारण वाढताना त्याच चिडतात. त्यांनी सांगितलं की उठायचं, 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

काय करायचं ते सांगतो. सातला पोचू नका, तेव्हा ते उडत असतात. साडेसात-पावणेआठला जा, भुंगेरे जोड्यांनी लटकलेले असतात आणि हलवलं की सटासट खाली पडतात. खाली ताडपत्री किंवा जुनी साडी आंथरा. लांब आकडीनं फांदी धरून जोरात हलवा, बुंध्याला काठ्या मारून काही होत नाही. पडलेले लगेच गोळा करून बादलीत टाका. पुस्तकात रॉकेलमिश्रित पाणी लिहिलेलं असतं, रॉकेल आता कुठनं आणणार, पाण्यावर थोडं डिझेल सोडा नाहीतर धुण्याची पावडर घट्ट कालवा, बुडून मरतात. नुसत्या पाण्यात टाकून घरी जाऊ नका, सकाळी निम्मे कडेला चढून गेलेले असतात, हे मी करून बसलोय. कोंबड्या आवडीनं खातात, पण ज्या झाडावर औषध मारलंय तिथले चुकूनही घालायचे नाहीत. पायात बूट घाला, पहिल्या पावसात साप-विंचू पण बाहेर असतात, आणि बांधावर उघडी विहीर असंल तर पोरांना नेऊ नका.

सलग पाच-सहा रात्री. मग पाऊस उघडला तर थांबतात, पुन्हा मोठा पाऊस झाला की परत एक लाट येते, तेव्हा परत तीन-चार रात्री. इथंच लोक सोडतात, पहिल्या रात्री फोटो काढून स्टेटसला ठेवतात, दुसऱ्या रात्री मॅच बघतात.

आणि एकट्यानं करून निम्माच उपयोग. तुमचा लिंब झाडला आणि शेजाऱ्याचा तसाच, तर त्याचे भुंगेरे अंडी घालायला तुमची माझी हद्द बघत नाहीत. राजस्थानात भुईमुगावर हुमणीनं असाच उच्छाद मांडलेला, तिथं जयपूरजवळ दुर्गापुऱ्याला हुमणीवरच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचं केंद्र होतं. त्यांच्या कामातनं पुढं आलं ते हेच की पहिल्या पावसात खेजडी म्हणजे शमी, बोर, लिंब यांच्यावरचे भुंगेरे गावानं मिळून मारायचे. त्यांच्याकडं मेथॉक्सी बेंझिन म्हणून एक वासाचा पदार्थ वापरतात, त्या वासानं भुंगेरे ठरावीक झाडांवर ओढून आणायचे आणि तेवढीच झाडं फवारायची. ती जात वेगळी आहे, त्यामुळं तो वास ऑनलाईन मागवत बसू नका. घ्यायचं ते एवढंच की अख्ख्या शिवारानं एकाच आठवड्यात उठायचं. आपल्याकडं पण काही कारखान्यांनी भुंगेरे किलोवर विकत घेतलेत. कारखान्याच्या तुमच्या गट ऑफिसला विचारा, नसंल देत तर दहा जणांनी मिळून मागा.

प्रकाश सापळा चांगला, हेक्टरी एक. पण उसाच्या मधोमध लावू नका, बांधाकडं झाडाजवळ लावा, खाली पाण्याचं पसरट भांडं, आणि संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ एवढाच चालू. रात्रभर चालू ठेवला तर मित्रकिडी पण मरतात. पौर्णिमेच्या आसपास कमी सापडतात, म्हणून 'भुंगेरे संपले' असं समजू नका. सापळ्यासाठी चार-पाच हजार मागणारे आहेत, एक बल्ब, एक घमेलं आणि तीन काठ्या, झाला सापळा.

झाडं फारच उंच असतील आणि हलवता येत नसतील तर इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के, 10 लिटरला 3 मिली, संध्याकाळी झाडावर फवारतात. पण त्या बाभळीचा पाला मग शेळ्यांना घालायचा नाही, आणि आसपास सगळ्यांना सांगून ठेवायचं, कारण शेळ्या राखणारा दुसरा कुणीतरी असतो.

कृष्णा-पंचगंगेकाठच्या मंडळींसाठी एक, तुमच्याकडं ल्युकोफोलिस नावाची दुसरी जात असते, तिला झाडाची ही युक्ती तेवढी लागू पडत नाही. तुम्ही खाली सांगितलेल्या बुरशीवर आणि नांगरटीवर जोर द्या.

बाकीची कामं, सगळ्यांना माहीत असलेली:

– एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट, दोनदा, दिवसा. बगळे, कावळे, साळुंक्या मागनं येतात ते हाकलू नका
– ढेकळं फोडून घेणं
– जास्त लागण झालेल्या रानात खोडवा न ठेवणं
– ऊस मोडल्यावर सूर्यफुलासारखं पीक
– शेणखत पूर्ण कुजलेलंच
– शक्य तिथं रानात काही दिवस पाणी साठवून ठेवणं

जुलैमध्ये आडसाली ऊस लावणारांनी खास लक्ष द्या, तुमची लागण आणि हुमणीची अंडी एकाच वेळी रानात पडतात. सरीत मेटारायझियम ॲनिसोप्ली ही बुरशी हेक्टरी 20 किलो म्हणजे एकरी 8 किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना. बारीक अळीवर ती चांगली चालते, मेलेली अळी कडक होते आणि अंगावर हिरवट बुरशी धरते. अशा हिरव्या अळ्या सापडल्या तर मी त्या गोळा करून शेणखताच्या ढिगात कालवतो, याला कुठली शिफारस नाही, माझा आपला प्रयोग. पुडा घेताना तारीख बघा आणि दुकानात कुठं ठेवला होता ते बघा. जिवंत बुरशी आहे ती, पत्र्याखाली उन्हात दोन महिने तापलेला पुडा म्हणजे नुसती पावडर, आणि दुकानदार तीच 'बायो हुमणी किट' म्हणून तिप्पट दरानं देतो. बुरशीनाशकाबरोबर तर अजिबात सोडू नका. हुमणी खाणारे सूत्रकृमी पण मिळतात, हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका, बेंगळुरूच्या कीटक संस्थेनं, एनबीएआयआरनं, त्याची पाण्यात मिसळायची पावडर तयार केलीय. त्याला पण ओल आणि सावली पाहिजे, संध्याकाळीच सोडा.

रासायनिक सोडायचंच झालं तर जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, अळी लहान असताना. फिप्रोनील 40 टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड 40 टक्के डब्ल्यूजी म्हणजे पाण्यात विरघळणारं दाणेदार औषध, एकरी 200 ग्रॅम, 400-500 लिटर पाण्यात, रान ओलं असताना बुडाला आळवणी. ओढ्या-विहिरीच्या कडेला सोडू नका, मासे मरतात. सप्टेंबरनंतर याच्यावर पैसे घालणं म्हणजे दुकानदाराची दिवाळी. आणि कुणी "थिमेट शिल्लक आहे, तुझ्यासाठी ठेवलंय" म्हणला तर थिमेट म्हणजे फोरेट, त्याच्यावर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे, ते घेऊ नका, घरात जुनं असंल तर वापरू नका.

मध्येच एक, शेणखतात जाड पांढरी अळी दिसली की लोक घाबरून ढिगावर औषध ओततात. आधी ती सपाट जमिनीवर सोडून बघा. पाठीवर उलटी होऊन सरकायला लागली तर ती उसाची हुमणी नव्हे, कुजलेलं खाणारी दुसऱ्या भुंग्याची अळी आहे, खत बारीक करते, राहू द्या तिला. कुशीवर वाकडी होऊन पडून राहिली आणि पायानं धडपडली तर मग संशय घ्या.

2018 साली सोलापूर, नगर, पुणे भागात हुमणीनं उभा ऊस बसवला, तेव्हा दुष्काळ पण होता आणि लोकांनी सगळा दोष पावसावर टाकला. त्या साली मी ज्या रानांत फिरलो तिथं एकच विचारत होतो, जूनमध्ये रात्री कुणी बाहेर पडलं होतं का. एकाच वस्तीवरनं 'हो' आलं, पाच-सहा घरांची वस्ती, पोरांनी पैज लावून भुंगेरे गोळा केलेले. त्यांचा ऊस फार भारी होता असं नाही, पाणीच नव्हतं, पण उभा होता.

तर ढग आलेत. आंबे उतरवायला घेतलेली आकडी कुठं टाकलीय ती आजच शोधून ठेवा, आणि टॉर्च चार्जिंगला लावा.