नॉर्मन सरदाराचा नाद सोडा: इंग्लंडमधलं मध्ययुगीन मूळ असं शोधा

इंटरनेटवरचा कुणाचा तरी वंशवृक्ष उचलून त्याला 1066 साली फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांपैकी एखादा सरदार चिकटवायचा असेल, तर पुढे वाचू नका. आडनाव जुळलं म्हणून घराणं जुळत नाही. तेराव्या शतकात सामान्य घरांत बापाचं आडनाव एक, मुलाचं दुसरं, हे सर्रास चालायचं.

स्वतःपासून मागे जा. 1837 पर्यंत सरकारी जन्म-मृत्यू नोंदी, 1841 पर्यंत जनगणना. पूर्वज मुंबई इलाख्यात असेल, तर बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात बघा. त्याआधी चर्चची रजिस्टरं.

ही रजिस्टरं ठेवायचा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये काढला, म्हणजे त्यामागे ती जवळजवळ नाहीतच. माझीही सगळ्यात जास्त दमछाक इथेच झाली. आता नाव सोडा आणि जमिनीचा माग धरा.

पूर्वजांचं गाव कुठल्या मॅनरमध्ये, म्हणजे कुठल्या जमीनदारीत होतं ते काढा आणि तिथल्या जमीनदाराच्या कोर्टाच्या नोंदींच्या गुंडाळ्या शोधा. कुठली गुंडाळी कुठल्या दप्तरखान्यात आहे, याची सूची लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जने ऑनलाइन ठेवली आहे. कूळ मेलं की नोंद व्हायची: अमुक मेला, जमीन इतकी, धन्याला त्याचा बैल गेला, मुलगा कोर्टात आला, पैसे भरले, जमीन त्याच्या नावे झाली. आपल्या फेरफारातली वारसनोंदच म्हणा. भाषा लॅटिन, तीही अर्ध्या शब्दांत. पण तीच चार-पाच वाक्यं फिरून फिरून येतात, ती पाठ करा. भाषांतराच्या अ‍ॅपवर अजिबात विसंबू नका.

सालं राजाच्या कारकिर्दीची असतात. तिसऱ्या एडवर्डचं 23वं वर्ष म्हणजे 25 जानेवारी 1349 ते 24 जानेवारी 1350. प्लेगचा काळ, बाप, मुलगा, पुतण्या एकाच गुंडाळीत मेलेले सापडतात आणि जमीन भलत्याच माणसाकडे गेलेली असते. अशा वेळी एकाच जमिनीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी जुळल्याशिवाय नातं मांडू नका. गावात जॉन ढिगाने असतात.

थेट राजाकडून जमीन असलेल्यांच्या मृत्यूनंतर सरकारी चौकशी होई. तिच्यात वारसाचं नाव आणि वय मिळतं. मात्र ‘एकवीस आणि अधिक’ लिहिलेला वारस चाळिशीचाही असू शकतो. 1530 ते 1688 दरम्यान राजाच्या हेरल्डांनी, म्हणजे घराण्यांची कुलचिन्हं तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, गावोगाव फिरून टिपलेल्या वंशावळींतल्या सगळ्यात जुन्या पिढ्या बऱ्याचदा घरच्यांनीच सांगितलेल्या, तेव्हा त्या जमिनीच्या कागदांशी ताडून बघा.

पूर्वज भूमिहीन मजूर असेल, तर 1377, 1379 किंवा 1381 च्या डोईपट्टीच्या यादीत नुसतं नाव मिळेल. बाप कोण ते बहुधा नाही. तिथे रेघ मारा.