आधी शिवायचं, मग चुण्या

चुण्यांचं तयार कापड आणून शिवायला गेले की माझी शिवण हमखास नागमोडी जायची. सुईखाली चुणी पसरतेच. जपानचे फॅशन डिझायनर इस्से मियाके यांनी क्रमच उलटा केला. कपडा अडीच-तीन पट मोठा कापून आधी शिवायचा, मग कागदाच्या थरांत घालून तापलेल्या प्रेसमधून काढायचा. 1988च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रयोगांतून 1993मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ हे चुण्यांच्या कपड्यांचं लेबल आलं. आपल्याकडे प्रेस नसली तरी वाफेवर एक पिशवी होते.

कापड पातळ आणि निव्वळ पॉलिएस्टर हवं. एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. वितळून टणक मणी झाला तर ठीक, नुसती राख उरली तर ते कापड नको. पॉलिएस्टर तापलं की मऊ पडतं आणि ज्या घडीत निवेल ती घडी धरून ठेवतं. शिवायचा दोराही पॉलिएस्टरचाच घ्या.

उभ्या चुण्यांनी फक्त रुंदी आटते, उंची तेवढीच राहते. 20 सेंमी रुंद पिशवीला 60 सेंमी कापा, उंची 30. धरायचे बंद 5 सेंमी रुंद हवेत तर 15चे कापावे लागतात. शिवून झाल्यावर ते ध्यान बघून हसू येतं, येऊ द्या. शिवणी मात्र बारीक ठेवा. जाड शिवणीवर घडी बसत नाही.

आता कागद. पिशवीहून थोडे मोठे दोन खाकी कागद एकावर एक ठेवा, रिकाम्या बॉलपेनाने दर दीड सेंमीवर रेघ दाबा आणि पंख्यासारखी उलटसुलट घडी घाला. खरा वेळ इथेच जातो. एक रेघ तिरकी गेली की पुढच्या सगळ्या तिरक्या. कागद उलगडून मध्ये पिशवी सपाट पसरा, सुरकुती राहू देऊ नका. मग तिघांची मिळून पुन्हा तीच घडी.

जुडी सुती फितीने घट्ट बांधा, सुती फडक्यात गुंडाळा आणि उंच पातेल्यात, पाण्याला न टेकता, अर्धा-पाऊण तास वाफवा.

आणि हात आवरा! माझी पहिली पिशवी मी गरम असतानाच सोडली. चुण्या डोळ्यांदेखत सैलावल्या. आता जुडी रात्रभर तशीच ठेवते. कागद पूर्ण वाळल्याशिवाय फीत सोडत नाही.

धुताना गार पाणी, इस्त्री अजिबात नाही. ठेवताना चुण्यांच्या दिशेने पिळून गुंडाळी करते.