गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट: पहिल्या दिवसापासून विसरलेल्या गोळीपर्यंत

नवरात्र आठवड्यावर आलं की बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या औषधाच्या दुकानात बायका हळू आवाजात पाळी पुढे ढकलायची गोळी मागतात. गरबा चुकवायचा नसतो. त्यातल्या काही जणींना वाटतं की या गोळीने दिवसही जाणार नाहीत. तसं नाही. पाळी लांबवायला देतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी, तिच्यावर गर्भनिरोधनासाठी विसंबू नका. त्यासाठी रोज घ्यायची गोळी वेगळी. तिच्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन हार्मोन असतात, आणि ती बीजकोशातून बीज बाहेर पडूच देत नाही. सरकारी केंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळणारी माला-एन आणि दुकानातली माला-डी, दोन्ही याच प्रकारच्या.

आधी ब्लडप्रेशर मोजा

बीपी मोजल्याशिवाय पहिलं पाकीट उघडू नका. 140/90 किंवा त्याहून जास्त असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही, डॉक्टर दुसरा उपाय सांगतील. पस्तिशी उलटलेली आणि सिगारेट-बिडी ओढणारी, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, स्तनाचा कॅन्सर किंवा यकृताचा मोठा आजार असलेली, यांनीही घेऊ नये. अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा येत असतील तर वय कितीही असो, नाहीच. बाळ अंगावर पीत असेल तर सहा महिने थांबा. त्या काळात चालणारे दुसरे उपाय आहेत, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

टीबीवरचं रिफाम्पिसिन आणि फिट येऊ नये म्हणून घेतलेल्या काही गोळ्या या गोळीचा असर कमी करतात. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. घरात लाज वाटली तरी दवाखान्यात लाजू नका.

सुरुवात आणि रोजची वेळ

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच संरक्षण मिळतं. मधेच सुरू करायची असेल तर आधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करा आणि पहिले सात दिवस निरोध वापरा.

माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. पहिल्या 21 हार्मोनच्या, शेवटच्या सात गडद रंगाच्या, लोहाच्या. त्या सात दिवसांत पाळी येते. पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवं सुरू करायचं, पाळी चालू असली तरी. काही कंपन्यांच्या पाकिटात 21 च गोळ्या असतात. तिथे सात दिवस सोडून आठव्या दिवशी नवं पाकीट.

वेळ अशी धरा की ती रोज येतेच. सकाळच्या चहाबरोबर घेण्यापेक्षा रात्री जेवण झाल्यावर घेतली तर मळमळ कमी होते, हे मी उपास करणाऱ्या बायकांना आवर्जून सांगते. गरब्याला जायच्या दिवसांत मात्र घराबाहेर पडण्याआधीच काहीतरी खाऊन गोळी घ्या, कारण रात्री दोनला परत आल्यावर कोणाला आठवतं?

गोळी रोज घ्यायची, नवरा घरी असो वा नसो. परवा एका वहिनींनी पर्समधून अर्धं पाकीट काढून दाखवलं. मधेमधे पाच-सहा गोळ्या तशाच राहिलेल्या. "हे टूरवर असले की घेत नाही," म्हणाल्या. त्यांना कोणी समजावलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. न चुकता घेतली तर वर्षभरात 100 बायकांपैकी एकीपेक्षाही कमी जणींना दिवस जातात. चुकतमाकत घेतली की हा आकडा 7 च्या आसपास पोचतो.

आणि छाया नावाच्या गोळीशी गल्लत करू नका. तीही सरकारी केंद्रात मिळते, पण ती हार्मोनची नाही. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा घेतात.

विसरली तर

एक गोळी राहिली तर आठवल्या क्षणी घ्या आणि पुढची नेहमीच्या वेळी. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतात. निरोधची गरज नाही.

सलग दोन किंवा जास्त राहिल्या तर फक्त शेवटची चुकलेली घ्या, बाकीच्या टाकून द्या, आणि पुढच्या सात गोळ्या सलग पोटात जाईपर्यंत निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं, तर लोहाच्या गोळ्या घेऊच नका, 21 वी संपली की दुसऱ्या दिवशी थेट नवं पाकीट. पहिल्या आठवड्यात झालं आणि आधीच्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची ती गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे नवं पाकीट उशिरा सुरू करणं. हार्मोन बंद राहून सात दिवस झालेलेच असतात, बीजकोश जागा होऊ लागलेला असतो, आणि आपण आणखी दोन दिवस त्याला मोकळे देतो. म्हणून पुढचं पाकीट आधीच आणून ठेवा. लोहाची गोळी विसरली तर काही बिघडत नाही.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर लगेच दुसरी घ्या. उलट्या-जुलाब एक-दोन दिवस चालले तर ते दिवस विसरलेल्या गोळ्यांसारखे मोजा.

सवय आणि इशारा

पहिले दोन-तीन महिने मधेच डाग दिसणं, मळमळ, स्तन दुखणं होतं आणि बहुतेक वेळा आपोआप जातं. तेवढ्यावरून गोळी सोडू नका. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, श्वास लागला, छातीत कळ आली, पोटात जोरात दुखलं, कधी नव्हे इतकं डोकं उठलं, दिसेनासं झालं किंवा बोलताना जीभ अडखळली, तर गोळी थांबवा आणि तडक सयाजी हॉस्पिटलचं किंवा जवळचं तातडीचं केंद्र गाठा. जाताना पाकीट बरोबर न्या.

ही गोळी एचआयव्ही किंवा इतर गुप्तरोगांपासून वाचवत नाही, त्यासाठी निरोधच. मूल हवं असेल तेव्हा पाकीट संपवून गोळ्या बंद करा, पुढे कायमचं वांझपण येतं ही भीती खोटी आहे. आणि नवरात्रातली पाळी? आधीपासून ही गोळी घेत असाल तर वेगळी गोळी मागायला येऊ नका. डॉक्टरांना विचारून लोहाच्या सात गोळ्या सोडा आणि 21 वीनंतर लगेच पुढचं पाकीट सुरू करा.