मित्राकडे विमानाने जाताय? तिकीट काढायच्या आधी त्याला फोन करा

मोठ्या शहरात राहणाऱ्या मित्राकडे जायचं ठरलं की आपण सगळ्यात आधी स्वस्त तिकीट शोधायला बसतो. मी म्हणेन आधी त्याला फोन करा. "ये की कधीही" असं सगळेच म्हणतात, पण त्याला नेमकं विचारा, सुट्टी कधी आहे, ऑफिसात कुठल्या आठवड्यात जास्त काम असतं, घरात अजून कोण राहतं आणि त्यांना चालणार आहे का. चार दिवसांसाठी गेलात आणि चारही दिवस तो लॅपटॉपसमोरच बसला तर ती कसली भेट, आणि त्यालाही मनातून वाईट वाटत राहतं ते वेगळंच.

मग एअरपोर्ट बघा. मोठ्या शहरांना बऱ्याचदा एकापेक्षा जास्त एअरपोर्ट असतात, लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे कितीतरी आहेत, टोकियोचं हानेदा शहरातच आहे पण नारिता मात्र मध्यवस्तीपासून साधारण ६० किलोमीटर लांब. बुकिंग साइटवर नुसतं शहराचं नाव टाकलं की सगळे एकत्र दिसतात आणि आपण सगळ्यात स्वस्त त्यावर क्लिक करतो, मग वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. तिकिटावर एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड असतो तो मित्राला पाठवा आणि विचारा, तुझ्या घरून हे किती लांब पडेल?

आता वेळ, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. मी एकदा रात्री साडेअकराला पोचणारी फ्लाइट घेतली होती, ती लेट झाली आणि बाहेर यायला दीड वाजला. मैत्रिणीचा पत्ता व्हॉट्सॲपवर होता, फोनला तीन टक्के चार्जिंग, नेटवर्क नाही, एअरपोर्टच्या वायफायला ओटीपी लागत होता आणि तो काही येत नव्हता. शेवटी एका बाईंच्या फोनवरून मैत्रिणीला फोन लावला. घरी पोचले तेव्हा तिने दार उघडलं, डोळे लाल झालेले, आणि सकाळी नऊला तिची मीटिंग होती. तेव्हापासून मी संध्याकाळी सातच्या आत पोचेल अशीच फ्लाइट बघते, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि पत्ता, बिल्डिंगचं नाव, मजला, फोन नंबर हे कागदावर लिहून पासपोर्ट किंवा आयडीसोबत ठेवते.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या लोकल टाइमप्रमाणे असतात हे लक्षात ठेवा. १५ तारखेला रात्री १२:३० ची फ्लाइट असेल तर घरातून १४ ला रात्रीच निघायचं असतं, यात भलेभले फसतात. आणि नाव आयडीवर आहे अगदी तसंच टाका.

बॅगेचं थोडक्यात सांगते. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. १०० वॅट-अवरपर्यंतची (हे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) सहसा परवानगी न घेता नेता येते आणि २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॅट-अवरच्या आसपास भरते, पण एअरलाइनचे नियम एकदा बघून घ्या. आंतरराष्ट्रीय फ्लाइटला बऱ्याच ठिकाणी हातातल्या बॅगेत पातळ पदार्थांची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही हा नियम अजून आहे, आणि त्यात बाटलीचा साइज बघतात, २०० मिलीची बाटली अर्धी रिकामी असली तरी काढून ठेवायला लावतात. मित्रासाठी बरणीतलं काही किंवा क्रीम वगैरे नेत असाल तर ते सरळ चेक-इनमध्ये टाका, नीट गुंडाळून. औषधं आणि एक जोडी कपडे मात्र हातातल्या बॅगेत.

विमान उतरायला लागलं की झोपू नका. केबिनमधला हवेचा दाब वाढत जातो आणि झोपेत आपण कमी वेळा गिळतो, म्हणून कान जास्त दुखतात. जांभई द्या, घोट घोट पाणी प्या.

बेल्टवर बॅग आली नाही तर बाहेर पडायच्या आधीच एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर तक्रार लिहून द्या, चेक-इनला मिळालेला स्टिकर तिथे दाखवावा लागतो. आणि बॅग कुठे पोचवायची तो पत्ता विचारतात, म्हणजे मित्राच्या घराचा, तो कागद इथेही कामाला येतो. मित्र घ्यायला येणार असेल तर त्याला लँडिंगची वेळ सांगू नका, सामान आणि इमिग्रेशन धरून बाहेर किती वाजता याल ते सांगा, बिचारा उगाच तासभर पार्किंगचे पैसे भरत उभा राहतो.

तिथे गेल्यावर एक दिवस तुम्ही एकटे फिरा. किल्ली मागून घ्या, तो कामावर गेला की तुम्ही शहर बघा, संध्याकाळी दोघं निवांत बसा. रोज त्यानेच फिरवायचं म्हटलं की तिसऱ्या दिवशी तो थकलेला असतो, बोलत नाही पण दिसतं.

परतीची फ्लाइट पहाटेची घेऊ नका, तुमच्यामुळे त्यालाही तीनला उठावं लागतं. आदल्या रात्रीच बॅग भरा, भिंतीच्या प्लगमध्ये राहिलेला चार्जर आठवणीने काढा, आणि किल्ली दारातच त्याच्या हातात द्या, नाहीतर ती खिशातच राहील आणि तुम्ही विमानात बसाल.